चौदा दिवसांची भांडी

रविवार, १२ एप्रिल २०२०

केहाऊ,

पाकिटावरचं अक्षर आईचं आहे. मुद्दाम तिच्याकडून लिहून घेतलं, नाहीतर तू ते न फोडताच टाकून दिलं असतंस. आता फोडलंच आहेस तर वाच. लास व्हेगासमध्ये सध्या तुला दुसरा उद्योग तरी काय आहे? तुझ्या नोकरीचं हॉटेल बंद पडल्याची बातमी आईला एका बाईकडून कळली आणि मला दुकानात उभ्या उभ्या सात जणांकडून.

इकडची खबर अशी, की आपल्या बेटावर रणकंदन माजलंय, आणि त्याचं कारण आहे स्लिपरची एक जोडी.

विमानातून जो उतरेल त्यानं चौदा दिवस घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, असा हुकूम निघालाय. हुकूम काढायला काय लागतं? तो पाळला जातोय का हे बघायला आपल्याकडे पोलीस चार, त्यातला एक पाठ धरून घरी. त्यांचा साहेब कोण, तर टायरोन आगपालो. तोच, ज्याच्या नाकावर तू पाचवीत बॉल मारला होतास. नाक अजून डावीकडेच वळलेलं आहे.

तर आंटी हॅरिएटच्या शेजारचं भाड्याचं घर घेऊन फिनिक्सचा एक गॉर्डन प्रुइट नावाचा गृहस्थ उतरला. टायरोन रोज सकाळी त्याच्या घरासमोर गाडी हळू करायचा, पायरीवर स्लिपर दिसले की वहीत खूण करायचा आणि पुढे जायचा. स्लिपर दाराशी म्हणजे माणूस घरात. यात चूक काय काढणार? मी असतो तर मीही तेच केलं असतं. असे सहा दिवस गेले.

सातव्या दिवशी मी गल्ल्यावर बसलो होतो. तांदळाच्या रांगेतून करकर, करकर असा आवाज आला. आपल्या माणसांचे पाय फटफट वाजतात, हे तुला सांगायला नको. फरशीवर करकरतो तो बूट. मी मान न वळवता विचारलं, "साहेब, स्लिपर कुठे राहिले?"

"दाराशी ठेवलेत," तो म्हणाला. "तुमच्याकडे तसा रिवाज आहे ना? मला ते बोटांत टोचतात, म्हणून घालत नाही. नुसते ठेवतो."

म्हणजे बघ, लबाडीसुद्धा नाही. मी विचारलं, मग बाहेर का पडलात? तर म्हणाला, "घरातलं खाणं संपलं. मी कोणाला ओळखत नाही. काय करायचं होतं?"

टायरोनला मीच फोन केला. गॉर्डनची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली, आणि दंड म्हणून चौदा दिवसांचा महिना झाला. टायरोनची मात्र अशी फजिती झालीय की लोक त्याला रस्त्यात थांबवून स्वतःचे पाय दाखवतात.

आई ठणठणीत आहे. चौऱ्याऐंशीव्या वर्षी मला 'केस काप' म्हणते.

एक गोष्ट राहवत नाही म्हणून लिहितो. बाबांच्या अस्थी सोडायच्या वेळी समुद्र खवळणार होता, हे मी तुला तेव्हाही सांगितलं होतं. नऊ वर्षं झाली. एवढा राग समुद्रावर धरू नये.

वेंडेल

रविवार, २६ एप्रिल

केहाऊ,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं. लिहायचं थांबवणार नाही, कारण गल्ल्यावर बसून सध्या मला बोलायला कोणी नाही. सगळे तोंडं झाकून येतात आणि सहा फुटांवरून ओरडतात.

स्लिपरच्या प्रकरणानंतर आंटी हॅरिएटनं कंबर कसलीय. आपल्या तीन पिढ्यांना तिनं पाढे शिकवले, त्यामुळे ती उभी राहिली की अजून लोकांचे हात आपोआप पाठीमागे जातात. तिचं म्हणणं, चार पोलिसांना हे जमणार नाही, हे दिसलंच. म्हणून वर्षअखेरपर्यंत विमानतळावर फक्त माल उतरू दे. माणूस एकही नको. पाहुणा नको, आणि बाहेर गेलेला आपलाही नको.

मी म्हटलं, "आंटी, आपलासुद्धा?"

"रोगाला कुठे कळतं, वेंडेल, कोण आपला?" ती म्हणाली. "जहाजातून गोवर आला तेव्हा काय झालं? माझ्या आजीच्या गावात चर्चची बाकं रिकामी पडली. मी परकं-आपलं करत नाही. मी बाकं मोजते."

बाई खोटं बोलत नाही.

ज्यांना माझ्यावर तोंडसुख घ्यायचंय ते म्हणतात, वेंडेलच्या भाड्याच्या अकरा जीप धूळ खात उभ्या आहेत, त्याला विमानं हवीत. म्हणून काल मी अकराच्या अकरा किल्ल्या टायरोनच्या टेबलावर ठेवल्या. म्हटलं, हा आजार जाईपर्यंत सांभाळ. आता बोलायला त्यांना दुसरा विषय शोधावा लागेल. कारच्या डिकीत नूडल्स ठेवून विकत मी धंदा उभा केलाय. लोकांच्या तोंडात काय आहे हे त्यांनी तोंड उघडायच्या आधी कळलं पाहिजे, एवढं मी शिकलोय.

आणखी एक काम गुपचूप केलंय. आंटी हॅरिएटकडे जाऊन म्हटलं, "तुमच्या शेजारच्या त्या बूटवाल्यावर माझा विश्वास नाही. टायरोनवर तर नाहीच. रोज दुपारी तुम्ही स्वतः जाऊन बघाल का? नुसतं जाऊन काय बघायचं, म्हणून एक भांडं भात-मासळीचं न्या. कुंपणावर ठेवा, मागे सरका, तो बाहेर येऊन उचलेल. दिसला म्हणजे आहे."

तिला ते लगेच पटलं. पहाऱ्याचं काम तिला लहानपणापासून आवडतं.

पहिल्या दिवशी गॉर्डननं भांडं घासून, पुसून, लखलखीत परत ठेवलं. रिकामं. बिचाऱ्याला काय माहीत? आंटी कुंपणाशी उभी राहून म्हणाली, "यात काही नाही."

तो म्हणाला, "हो, मी सगळं संपवलं."

"ते दिसतंय. पण यात काही नाही."

दुसऱ्या दिवशी भांड्यात परसातली दोन लिंबं आली. तिसऱ्या दिवशी चिठ्ठी आली, की तुमच्या खिडकीत रेडिओ दिसतो तो कधी वाजत नाही, मी चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त केलेत. आता तो रेडिओ वाजतो. माझ्या दुकानापर्यंत ऐकू येतो.

शनिवारी, ९ मेला, सभा आहे. कौंटीच्या कचेरीनं कळवलंय, बेटाचं जे एकमुखी म्हणणं असेल ते आम्ही मान्य करू. त्यामुळे त्या दिवशी जे ठरेल ते ठरेल.

हे सगळं मी का करतोय असं तुला वाटेल. मला विमानाचा आवाज आवडतो, दुसरं काही नाही.

वेंडेल

रविवार, १० मे

केहाऊ,

जिंकलो.

आता सविस्तर सांगतो, नाहीतर मजा काय?

सभागृहात जमायची बंदी, म्हणून सभा बेसबॉलच्या मैदानावर घेतली. प्रत्येकानं आपापल्या गाडीत बसायचं, काचा खाली, बोलणाऱ्यानं फळीवर उभं राहून कर्ण्यातून बोलायचं. पटलं तर भोंगा वाजवायचा. एकशे नव्वद गाड्या आल्या होत्या. त्यातल्या निम्म्यांच्या बॅटऱ्या माझ्याकडच्या. कोणाचा भोंगा कसा वाजतो हे मला झोपेत विचार.

आधी टायरोन बोलला. "माझी चूक झाली. मी स्लिपर मोजले, माणूस मोजला नाही." एवढंच बोलून खाली उतरला. मैदानात हशा पिकला, पण त्यात प्रेम होतं. मग आंटी हॅरिएट उठली. गोवराचं सांगितलं, बाकांचं सांगितलं. पाहुण्यांच्या पायाला माग काढणारे पट्टे बांधायची सूचनाही कोणीतरी पुढे केली होती, ती तिनं हाणून पाडली, "आपण गुरं नाही." आणि म्हणाली, "पहारा देता येत नसेल तर दार बंद ठेवा." भोंगे वाजले. पुष्कळ वाजले.

मग मी फळीवर चढलो.

"गेले दोन आठवडे या बेटावर एक बाहेरचा माणूस कुंपणाबाहेर पडलेला नाही," मी म्हटलं. "टायरोनमुळे? नाही. त्याच्यावर पहारा कोणाचा आहे, विचारा."

आंटी गाडीतून ओरडली, "माझा."

"कसा देता पहारा, आंटी?"

"रोज दुपारी भांडं नेते."

"म्हणजे जेवण नेता."

"जेवण नाही, वेंडेल. पहारा. तो भांडं घ्यायला येतो का, ते बघते."

"तेच म्हणतोय मी, आंटी."

मग कुठून तरी एक जुनाट भोंगा वाजला. मी म्हटलं, जो उतरेल त्याच्या नावानं एक घर ठरवा. त्या घरानं रोज दुपारी भांडं न्यायचं. त्यानं समोर येऊन उचलायचं आणि जेवून झालं की परत ठेवायचं. दिसला नाही तर टायरोन. चार पोलीस पुरत नाहीत, पण स्वयंपाकघरं आपल्याकडे बाराशे आहेत.

आंटी इतक्यात हरणारी नव्हे. "आणि आपलीच माणसं आली तर? घरचेच ताट घेऊन जातील, 'जरा टेकतो' म्हणत पायरीवर बसतील, मग कोणीतरी गिटार काढेल. आपली माणसं मला माहीत नाहीत काय?"

फळीवर उभ्या उभ्या तोंडातून निघून गेलं, "आपल्या माणसाला भांडं आपण न्यायचं नाही. घरच्यांनी रस्त्याच्या पलीकडेच थांबायचं. चौदा दिवस."

"तुला लागू?"

"मला आधी लागू."

तेव्हा माझ्या शेजारच्या गाडीतून आईनं हात बाहेर काढला. कर्णा मागितला. तिला फळीवर चढवणार कोण, म्हणून ती बसूनच बोलली.

"माझ्या मावशीला महारोग झाला तेव्हा सरकारी बोटीनं नेलं," ती म्हणाली. "मी सहा वर्षांची होते. भेटायला गेलो तर मध्ये जाळी. आम्ही अळकुड्या कुटून केलेल्या पोईचं भांडं खालून सरकवलं. मावशीनं ते परत दिलं तेव्हा त्यात चार कवड्या होत्या. पहारेकऱ्यानं बघून न बघितल्यासारखं केलं. हॅरिएट, मला मावशीचा चेहरा आठवत नाही. कवड्या अजून आहेत माझ्याकडे. माणसाला लांब ठेवा. ठेवायलाच हवं. पण भांडं जाऊ द्या, आणि येऊ द्या."

एवढं बोलून कर्णा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "केस काप."

भोंगे सुरू झाले. मी डोळे मिटून ऐकत होतो. एकेक ओळखत होतो, हा मच्छीवाल्यांचा, हा डॉक्टरीणबाईंचा, हा टायरोनचा सरकारी. एकच भोंगा येत नव्हता. आंटीच्या गाडीची बॅटरी मी तिला मार्चमध्ये बदलायला सांगितली होती, तिनं ऐकलं नव्हतं. सगळे थांबले. मग एक बारीक, खोकल्यासारखा भोंगा वाजला. अर्धा वाजून बंद पडला. पुन्हा वाजला.

माझ्या आयुष्यात इतका गोड आवाज मी ऐकलेला नाही. आज सकाळी तिला नवी बॅटरी बसवून दिली.

तर दार उघडं आहे. कोणासाठीही. मी कोणाचं नाव घेत नाही.

वेंडेल

रविवार, २४ मे

केहाऊ,

तू आईला लिहिलंस. ६ जूनच्या विमानानं येतेस, कायमची. मला नाही लिहिलंस, चालेल. आईनं पत्र तीनदा वाचून दाखवलं आणि चौथ्यांदा मी चोरून वाचलं.

बाबांचं किनाऱ्यावरचं घर झाडून, चुना लावून तयार केलंय. पलंग हलवून खिडकीपाशी आणलाय. तुझ्या नावानं भांडं नेणारं घर आंटी हॅरिएटचं. तिनं स्वतः मागून घेतलं. मी रस्त्याच्या पलीकडे.

तू उतरायच्या आधी एक सांगायला हवं. तू आल्यावर ते माझ्या तोंडून निघणार नाही.

समुद्र खवळणार नव्हता.

ते तुला ठाऊक आहे. ठरलेल्या शनिवारी सकाळी तू बाबांसाठी हार घेऊन उतरलीस, धक्क्यावर आलीस, आणि पाणी आरशासारखं होतं. तू पाण्याकडे बघितलंस, मग माझ्याकडे. काही बोलली नाहीस. हार घेऊन तशीच परतलीस. नऊ वर्षं मी लोकांना सांगत आलो, आदल्या दिवशी वारा फिरला होता. वारा फिरला नव्हता. शनिवारी दुकानाचं उद्घाटन होतं. पाद्री आशीर्वाद द्यायला यायचे होते, फलक रंगवून झाला होता, पहिल्यांदा माझं नाव कशावर तरी लिहिलं होतं. आदल्या दिवशी अस्थी सोडल्या की शनिवार मोकळा, असा मी हिशेब केला. एक दिवस थांबलो असतो तर दुकान पळून जाणार नव्हतं.

या बेटावर कोणाच्याही भोंग्याचा अर्थ मला कळतो. त्या दिवशी धक्क्यावर तू गप्प राहिलीस, त्याचा अर्थ कळायला नऊ वर्षं लागली, असं मी म्हणणार होतो. पण तेही खोटं होईल. तो तेव्हाच कळला होता.

वेंडेल

सोमवार, ८ जून. तुझा तिसरा दिवस.

केहाऊ,

हे पत्र तुला उद्या आंटीच्या भांड्याखाली मिळेल. वरचं भांडं तिचं, खालचं निळं माझं. नियम ताट नेण्याबद्दल आहे, रांधण्याबद्दल नाही, हे मी टायरोनला दोनदा विचारून घेतलंय.

मी रोज दुपारी रस्त्याच्या पलीकडे झाडाखाली उभा असतो. तू खिडकीतून बघतेस आणि पडदा ओढतेस. काही हरकत नाही. पडदा नवा आहे, मीच आणलाय, वापरला जातोय हे बरं वाटलं.

आंटीच्या भांड्यात तू पहिल्या दिवशी कागदी फूल ठेवलंस, दुसऱ्या दिवशी गाण्याची एक ओळ, आज म्हणे केसांची पिन. आंटी ती लावून चर्चच्या ऑनलाइन प्रार्थनेला बसली. माझं निळं भांडं तीन दिवस परत येतंय. घासलेलं, पुसलेलं, लखलखीत.

आंटी ते माझ्यासमोर उपडं करून दाखवते आणि म्हणते, "यात काही नाही."

वेंडेल

गुरुवार, ११ जून. सहावा दिवस.

केहाऊ,

आज निळ्या भांड्यात चिठ्ठी होती. "पोई नीट आंबलेली नाही. नेहमीसारखी घाई केलीस."

नऊ वर्षांतलं तुझं मला पहिलं वाक्य. मी ते गल्ल्याच्या काचेखाली ठेवलंय. गिऱ्हाईकं विचारतात हे काय, मी म्हणतो, वस्तूबद्दल तक्रार आलीय, योग्य आहे.

नवीन पोई झाकून ठेवलीय. परवापर्यंत झाकण उघडणार नाही. आई पातेल्याशेजारी खुर्ची टाकून बसलीय, माझ्यावर तिचा भरवसा नाही.

वेंडेल

शुक्रवार, १९ जून. चौदावा दिवस.

केहाऊ,

आधी बेटाची खबर. आजवर एकसष्ट माणसं उतरली, एकसष्ट घरांनी भांडी नेली, एकही कुंपणाबाहेर पडलं नाही आणि एकही आजारी नाही. शेजारच्या बेटावरून टायरोनला फोन आला, तुम्ही हे कोणत्या यंत्रानं करता? तो म्हणाला, झाकणाच्या. गॉर्डनचा महिना कधीच संपला, तो इथेच राहिलाय. रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढतोय आणि स्लिपर घालायला शिकतोय. लंगडतो, पण फटफट वाजतं. आंटी हॅरिएट मैदानावरचं माझं भाषण आता स्वतःचं म्हणून सांगते. सांगू दे. बाकं भरलेली आहेत.

आता काल दुपारचं.

आंटी रस्ता ओलांडून आली. निळं भांडं तिनं दोन्ही हातांत धरलं होतं आणि या वेळी उपडं केलं नाही. झाकण मी काढलं. आत माइलेच्या पानांचा हार होता. सुकलेला, तपकिरी, कुठल्याशा हॉटेलच्या पातळ कागदात गुंडाळलेला. नऊ वर्षांनीही वास जात नाही त्या पानांचा, हे मला माहीत नव्हतं. मी तिथेच झाडाखाली बसलो. आंटी सहा फुटांवर उभी राहून आकाशाकडे बघत होती. मग म्हणाली, "यात आहे काहीतरी."

हार आईनं ओल्या कापडात ठेवलाय. तो पाण्यावर सोडायला ती पण येणार म्हणते. होडीत चढवायला टायरोन येईल.

उद्या शनिवार आहे. मुद्दाम बघितलं नाही, दिवस तसेच आलेत. दुकान उद्या बंद राहील, दारावर पाटी लावलीय. नऊ वर्षांत पहिल्यांदा बाबांच्या होडीला रंग दिलाय. धक्क्यावर मी पहाटेपासून आहे. सावकाश ये. न्याहारी कर, केस विंचर, आंटीचं भांडं भरून परत दे. समुद्र शांत असो की खवळलेला, तू पाय होडीत ठेवेपर्यंत मी दोर सोडणार नाही.

तुझा भाऊ,
वेंडेल